सूड, ऋण आणि पदत्याग : ‘सान्शो दायू’ची तीन कथने

१

केन्जी मिझोगुची (१८९८–१९५६) या जपानी दिग्दर्शकाचा ‘सान्शो दायू’ हा चित्रपट १९५४ साली प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘रौप्य सिंह’ हे पारितोषिक मिळाले. तेव्हापासून त्याची गणना जागतिक चित्रपटाच्या अभिजात कृतींत होत आली आहे. या गौरवाचा भर प्रामुख्याने त्याच्या दृश्यरचनेवर राहिला. दीर्घ चित्रणखंड, पात्रांपासून राखलेले अंतर, पाणी आणि धुके यांचा वापर या गोष्टींविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला या चित्रपटाकडे आणखी एका बाजूने पाहता येते. या चित्रपटाची कथा मिझोगुचीची नाही. ती निदान तीन वेळा, तीन माध्यमांतून आणि तीन वेगळ्या श्रोतृवर्गांसाठी सांगितली गेली आहे : प्रथम मध्ययुगीन फिरस्त्या कथेकऱ्यांच्या आख्यानात, नंतर मोरी ओगाई या लेखकाच्या १९१५ मधील कथेत आणि शेवटी मिझोगुचीच्या चित्रपटात.

तिन्ही कथनांना समान असलेला कथाभाग थोडक्यात असा : उत्तरेकडील एका प्रांताचा अधिकारी दूरदेशी हद्दपार होतो. त्याची पत्नी, मुलगी आन्जू आणि मुलगा झुशिओ त्याच्या शोधात निघतात. वाटेत माणसांचा व्यापार करणारे लोक त्यांना फसवतात. आई एका दूरच्या बेटावर विकली जाते आणि मुले तान्गो प्रांतातील सान्शो दायू या धनिकाकडे गुलाम म्हणून जातात. बहीण भावाला पळून जाण्यास साहाय्य करते आणि त्यापायी प्राणास मुकते. भावाला राजधानीत पित्याची प्रतिष्ठा परत मिळते, तो तान्गोचाच अधिकारी होऊन येतो आणि अखेरीस आंधळ्या झालेल्या आईला भेटतो.

या कथाभागात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. सत्ता हाती आल्यावर झुशिओने सान्शोचे काय करायचे, हा पहिला. ज्या बहिणीच्या मरणामुळे ही सत्ता हाती आली तिचे ऋण तो कसे फेडणार, हा दुसरा. प्रत्येक कथनाने या प्रश्नांना निराळे उत्तर दिले आहे. मिझोगुचीने दिलेले उत्तर समजून घ्यायचे तर आधीची दोन उत्तरे आणि त्याची स्वतःची तीस वर्षांहून अधिक काळाची कारकीर्द, दोहोंचा विचार करावा लागतो.

२

‘सेक्क्यो’ या नावाने ओळखली जाणारी मध्ययुगीन आख्याने बौद्ध प्रवचनांच्या परंपरेतून निघाली, पण त्यांचे कथेकरी मठात राहणारे पंडित नव्हते. ‘सासारा’ हे बांबूचे वाद्य वाजवीत रस्त्याच्या कडेला, मंदिरांच्या आवारात आख्यान लावणारे हे लोक समाजाच्या तळाशी होते. सतराव्या शतकात या आख्यानांच्या मुद्रित संहिता निघू लागल्या, आणि त्यांच्या द्वारेच ‘सान्शो दायू’चे जुने रूप आज हाती लागते. हे आख्यान रचनेने एक माहात्म्य आहे. तान्गो प्रांतातील एका जिझो-मूर्तीची महती सांगण्यासाठी ते सुरू होते. मुलांच्या कपाळावर दिलेले तप्त लोखंडाचे डाग ही मूर्ती स्वतःवर घेते.

माहात्म्य असूनही आख्यानाचा स्वर मात्र क्षमेचा नाही. आन्जूचा मृत्यू हा तेथे छळाने आलेला मृत्यू आहे. भाऊ कोठे गेला हे सांगावे म्हणून सान्शोचा मुलगा साबुरो तिला आगीने व पाण्याने हाल करून मारतो, आणि कथेकरी यातला कोणताही तपशील टाळत नाही. त्याचप्रमाणे सूडाचाही तपशील तो टाळत नाही. अधिकारी होऊन परतलेला झुशिओ सान्शोला खांद्यापर्यंत जमिनीत पुरवतो आणि बांबूच्या करवतीने त्याची मान कापवतो. ती करवत ओढण्याचे काम साबुरोला, म्हणजे पोटच्या मुलाला, करावे लागते. दयाळू मुलांना अभय मिळते, क्रूर मुलाला बापाचीच गत मिळते. हिशेब चोख पुरा होतो. मूर्तीच्या प्रभावाने आईला दृष्टी परत मिळते आणि ज्याचे त्याला दिले जाते.

हे क्रौर्य केवळ श्रोत्यांच्या मनोरंजनासाठी आहे असे मानणे उथळपणाचे होईल. १९१५ मध्येच कुनिओ यानागिता या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने ‘सान्शो’ या नावाचा संबंध ही कथा सांगत फिरणाऱ्या लोकांशी जोडला होता. पुढे तात्सुसाबुरो हायाशिया या इतिहासकाराने १९५०च्या दशकात ‘सान्जो’ या शब्दाकडे लक्ष वेधले. सान्जो म्हणजे जहागिरींवर सेवेच्या बंधनात राहणाऱ्या, हीन मानल्या गेलेल्या लोकांच्या वस्त्या. सान्शो दायू हा अशा लोकांवर हुकमत गाजवणारा मुकादम असावा, असे त्याचे प्रतिपादन होते. या व्युत्पत्तीविषयी पुढे मतभेद झाले. तरीही एवढे नक्की म्हणता येते, की हे आख्यान सांगणारे आणि ऐकणारे लोक बंधनाचा अर्थ अनुभवाने जाणत होते. ज्यांना न्यायालय उपलब्ध नव्हते त्यांनी आख्यानात न्यायालय उभे केले. बांबूची करवत हे त्या न्यायालयाचे शस्त्र होय.

३

मोरी ओगाई (१८६२–१९२२) हा या श्रोतृवर्गापासून फार दूरचा माणूस. जर्मनीत वैद्यकशास्त्राचा अभ्यास केलेला, सैन्याच्या वैद्यकीय विभागात सर्वोच्च पदावर पोहोचलेला हा लेखक १९१२ नंतर ऐतिहासिक लेखनाकडे वळला. सम्राट मेइजीच्या निधनानंतर सेनापती नोगीने केलेल्या आत्मबलिदानाची घटना त्या वळणाच्या मुळाशी होती. आरंभी त्याने दस्तऐवजांशी कडक इमान राखले. ‘सान्शो दायू’ मात्र वेगळ्या हेतूने लिहिली गेली. त्याच वर्षी लिहिलेल्या एका छोट्या निबंधात त्याने ‘जसा आहे तसा इतिहास’ आणि ‘इतिहासापासून दूर जाणे’ असे दोन मार्ग मांडले. ही कथा आपण दुसऱ्या मार्गाने जाण्याच्या इच्छेने लिहिली, पण लिहून झाल्यावर ते दूर जाणे पुरेसे साधले नाही असे वाटते, असा त्याच्या कबुलीचा आशय आहे.

ही कबुली महत्त्वाची आहे. कारण ओगाई इतिहासाच्या तपशिलापासून फारसा दूर गेला नाही, तरी आख्यानाच्या न्यायापासून मात्र पुष्कळ दूर गेला. त्याच्या कथेत डाग देण्याचा प्रसंग बहीण-भावाला एकाच वेळी पडलेले स्वप्न बनतो. आन्जूचा छळ नाही. ती स्वतः पाण्यात जीव देते आणि तेही वाचकाला दिसत नाही, तळ्याच्या काठी तिच्या वहाणा तेवढ्या सापडतात. सान्शोचा वधही नाही. झुशिओ तान्गोत माणसांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालतो, सान्शो सर्व गुलामांना मुक्त करून वेतनावर ठेवतो. घराण्याला प्रथम मोठे नुकसान झाल्यासारखे वाटते, परंतु शेती आणि हस्तव्यवसाय पूर्वीपेक्षा वाढीस लागून ते अधिकच संपन्न होते.

आधुनिक गद्याच्या संयमाचा हा उत्कृष्ट नमुना आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु या संयमाची किंमतही लक्षात घेतली पाहिजे. ओगाईच्या कथेत सुधारणा ही सर्वांच्या हिताची ठरते, अत्याचाऱ्याच्याही. अन्याय ही जणू एक अकार्यक्षम व्यवस्था होती आणि सुबुद्ध प्रशासकाने ती दुरुस्त केली. मेइजी काळातील सुधारणांचा अनुभव असलेल्या आणि स्वतः उच्च अधिकारपदी असलेल्या लेखकाला हे उत्तर सुचावे यात नवल नाही. पण या उत्तरात सान्शोने काहीच गमावलेले नाही आणि आन्जू मात्र परत येत नाही. आख्यानाचा जमाखर्च ओगाईने मिटवला नाही, त्याने तो बाजूला ठेवला.

४

मिझोगुचीच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ओगाईच्या कथेचा आधार मान्य केलेला आहे. पटकथा फुजी याहिरो आणि योशिकाता योदा यांची, छायाचित्रण काझुओ मियागावा याचे आणि संगीत फुमिओ हायासाका याचे. कथेशी निष्ठा हाच निकष लावला तर या चित्रपटाने अनेक ठिकाणी स्वातंत्र्य घेतले आहे. पण हे बदल विखुरलेले नाहीत, त्यांची एक दिशा आहे.

पहिला बदल वयाचा. ओगाईच्या कथेत आन्जू चौदा वर्षांची आणि झुशिओ बारा वर्षांचा आहे. जाणती बहीण लहान भावाला वाचवते. चित्रपटात झुशिओ मोठा आणि आन्जू लहान आहे, शिवाय गुलामगिरीत दहा वर्षे लोटून दोघे प्रौढ झाली आहेत. लहान भावाला वाचवणे हे मोठ्या बहिणीचे कर्तव्य मानता येते. मोठ्या भावासाठी धाकट्या बहिणीने मरणे ही निराळीच गोष्ट झाली. वयाचा क्रम उलटताच तिचा त्याग त्याच्यावरचे ऋण बनतो.

दुसरा बदल अधिक धाडसी आहे. या दहा वर्षांत झुशिओ बदलला आहे. दयेवाचून माणूस हा माणूस नव्हे, ही वडिलांची शिकवण तो विसरला आहे आणि सान्शोच्या मर्जीतला रखवालदार झाला आहे. पळून जाण्याचा प्रयत्न करणाऱ्या एका म्हाताऱ्या गुलामाच्या कपाळावर तो स्वतःच्या हाताने डाग देतो. आख्यानात जो डाग नायकाने सोसला, ओगाईने ज्याचे स्वप्न केले, तोच डाग येथे नायक दुसऱ्याला देतो. सान्शोचा मुलगा तारो मात्र हे करण्यास नकार देऊन घर सोडतो आणि पुढे भिक्षू होतो. ओगाईच्या कथेत तारो बापाचे क्रौर्य पाहून न बोलता नाहीसा होतो आणि कथेत पुन्हा येत नाही. चित्रपट त्याला परत आणतो आणि झुशिओसमोर उभा करतो. अत्याचाऱ्याचा मुलगा जे करू शकला नाही ते सज्जनाच्या मुलाने केले, ही तुलना प्रेक्षकाला टाळता येत नाही.

तिसरा बदल अधिकाराच्या स्वरूपाचा. हेइआन काळाच्या उत्तरार्धात सरदार घराण्यांच्या खाजगी जहागिरींवर प्रांताधिकाऱ्याची सत्ता चालत नसे. ओगाईच्या कथेत हा अडसर जाणवत नाही. चित्रपटाने मात्र त्यावरच उत्तरार्ध उभा केला आहे. सान्शोची जमीन राजधानीतील बड्या सरदाराच्या जहागिरीत मोडते. तेथे हुकूम काढण्याचा झुशिओला अधिकार नाही, असे त्याला त्याचेच हाताखालचे लोक बजावतात. तरीही तो हुकूम काढतो, सान्शोला कैद करतो, गुलामांना मुक्त करतो आणि लगेच राजीनामा देतो. मुक्त झालेले गुलाम त्या रात्री सान्शोच्या वाड्यात मेजवानी झोडतात आणि वाडा पेटवून देतात. त्या वेळी झुशिओ तेथे नसतो.

५

मिझोगुचीने सुमारे नव्वद चित्रपट केले. त्यांपैकी तीसेकच आज उपलब्ध आहेत. जे उपलब्ध आहेत त्यांत एक कथासूत्र पुन्हा पुन्हा येते : स्त्री स्वतःला विकून किंवा झिजवून पुरुषाला वर काढते, आणि तो वर गेल्यावर तिला त्या उंचीवर जागा नसते.

१९३३च्या ‘ताकी नो शिराइतो’ या मूकपटात जलक्रीडेचे खेळ करणारी एक कलावंतीण एका गरीब तरुणाला कायद्याच्या शिक्षणासाठी पैसे पुरवते. त्या पैशांपायी तिच्या हातून खून होतो आणि तिच्या खटल्यात सरकारी वकील म्हणून तोच तरुण उभा राहतो. १९३९च्या ‘शेवटच्या शेवंतीची कथा’ या चित्रपटात ओतोकू ही दाई काबुकी घराण्यातील एका नटाला खरा कलावंत घडवते. त्याला यश मिळताच ती दूर होते, आणि ओसाकात नौकांच्या मिरवणुकीतून तो लोकांचे मुजरे स्वीकारत असताना ती मरणशय्येवर असते. १९३६च्या ‘नानिवाचा शोकगीत’ आणि ‘गिओनच्या बहिणी’ या दोन चित्रपटांत त्यागाची ही गोडी नाही. तेथे कुटुंबासाठी स्वतःला पणाला लावणारी मुलगी घराबाहेर फेकली जाते आणि गेइशांच्या धंद्यातील धाकटी बहीण या धंद्यालाच शिव्याशाप देते.

या सूत्राचा संबंध मिझोगुचीच्या चरित्राशी लावण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो अनाठायी नाही. रशिया-जपान युद्धाच्या काळात वडिलांचा धंदा बुडाला, थोरली बहीण दत्तक म्हणून दिली गेली आणि पुढे गेइशा झाली. आईच्या मृत्यूनंतर याच बहिणीच्या आधारावर तरुण मिझोगुचीचा निर्वाह झाला. तथापि चरित्र हे कलाकृतीचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. बहिणींच्या त्यागावर वाढलेले पुरुष त्या काळात असंख्य होते, त्यांतील बहुतेकांनी त्याबद्दल मौन पाळले. प्रश्न असा आहे की मिझोगुचीच्या चित्रपटांनी या ऋणाचे रूप कसे ठरवले.

१९३३च्या चित्रपटात ऋणाची फेड मरणाने होते. नायिकेमागोमाग नायकही जीव देतो. १९३९च्या चित्रपटात ती होतच नाही. नट नौकेत उभा राहून मान लववत राहतो, आणि ते मुजरे स्वीकारण्यावाचून त्याला गत्यंतर नाही, कारण त्याचे यश हेच तिचे इच्छित होते. ही फार क्रूर कोंडी आहे. यश नाकारावे तर तिचा त्याग वाया जातो, स्वीकारावे तर तो त्यागावर जगतो. ‘सान्शो दायू’मध्ये मिझोगुची प्रथमच या कोंडीतून वाट काढतो. झुशिओ पद घेतो, आन्जूच्या मरणाने मिळालेल्या त्या पदाचा एकच उपयोग करतो आणि ते टाकून देतो. पद टाकल्याने आन्जू परत येत नाही, हे चित्रपट जाणतो. पण ते पद उपभोगण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही तो जाणतो.

६

सूडाच्या प्रश्नालाही अशीच पूर्वपीठिका आहे. १९४१–४२ मध्ये मिझोगुचीने ‘गेन्रोकू चूशिन्गुरा’ हा दोन भागांचा चित्रपट केला. सत्तेचाळीस रोनिनांच्या सूडाची ही कथा जपानमधील सर्वांत लोकप्रिय निष्ठाकथा होय. युद्धकाळातील शासनाला हवी असलेली स्वामिनिष्ठा तिच्यात आयती होती. पहिला भाग पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आठवडाभर आधी प्रदर्शित झाला. सेइका मायामाच्या नाटकांवर आधारलेल्या या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे, की ज्या रात्रीच्या हल्ल्यासाठी ही कथा सांगितली जाते तो हल्लाच त्यात दाखवलेला नाही. तो घडून गेल्याची वार्ता पत्राच्या वाचनातून कळते. याचा अर्थ मिझोगुची युद्धविरोधी होता असा काढणे धाडसाचे ठरेल. निष्ठेचा सोहळा चित्रपटात पुरेपूर आहे. मात्र सूडाची कृती दृष्टीआड ठेवण्याची त्याची प्रवृत्ती येथे दिसते.

युद्धानंतर परिस्थिती उलटली. अमेरिकी लष्करी प्रशासनाने नोव्हेंबर १९४५ मध्ये चित्रपटांसाठी तेरा निषिद्ध विषयांची यादी काढली. सूडाला रास्त हेतू म्हणून दाखवणे हा त्यांतील एक विषय होता. ज्या चूशिन्गुराला काल शासनाचा आश्रय होता ती आता वर्ज्य ठरली. मिझोगुचीने या काळात ‘स्त्रियांचा विजय’ (१९४६) यांसारखे नव्या लोकशाहीला अनुकूल चित्रपट केले. काल निष्ठेची कथा सांगणारा दिग्दर्शक आज मुक्तीची कथा सांगू लागला, आणि दोन्ही वेळा वरून आलेल्या इच्छेला त्याने मान दिला. झुशिओने सान्शोच्या हुकमाने डाग दिला आणि नंतर स्वतःच्या हुकमाने गुलाम मुक्त केले, या घटनाक्रमाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर त्यातील अस्वस्थता अधिक जाणवते.

लष्करी अंमल एप्रिल १९५२ मध्ये संपला. १९५४ मध्ये सूड दाखवण्यास कोणतीच आडकाठी उरली नव्हती आणि मूळ आख्यानात तर तो तयारच होता. मिझोगुचीने तो घेतला नाही. परंतु ओगाईप्रमाणे त्याने सान्शोला संपन्नही होऊ दिले नाही. सान्शो हद्दपार होतो, वाडा जळतो. आख्यानातील हिंसा चित्रपटात परत येते, पण नायकाच्या हातून आणि न्यायाच्या नावाने येत नाही. ती त्या गुलामांच्या हातून येते, ज्यांना कोणी सद्गुणी म्हणून रंगवलेले नाही. ते पितात, धिंगाणा घालतात, आग लावतात. हुकमाने दिलेली मुक्ती आणि ती मिळालेल्यांचा संताप यांच्यामधले अंतर चित्रपट झाकत नाही. वरून आलेल्या सुधारणांचा अनुभव ताजा असलेल्या प्रेक्षकाला हे अंतर परके वाटले नसावे.

७

आन्जूच्या मृत्यूचे चित्रण हा या तीन कथनांच्या तुलनेचा कस लावणारा भाग आहे. आख्यान सर्व सांगते, ओगाई सर्व वगळतो. मिझोगुचीने तिसरा मार्ग घेतला. आन्जू झाडांमधून पाण्याकडे उतरते. फाटकापाशी एक दासी हात जोडून पाहत राहते. कॅमेरा जवळ जात नाही. शरीर पाण्यात कमरेपर्यंत जाते, दृश्य क्षणभर त्या दासीकडे वळते आणि परत येते तेव्हा पाण्यावर फक्त वर्तुळे पसरत असतात.

या दृश्याच्या सौंदर्याविषयी दुमत नाही. नेमके तेथेच एका गंभीर आक्षेपाला जागा आहे. मिझोगुची स्त्रीच्या यातनेला सुंदर करतो आणि सुंदर केल्यामुळे ती सह्य, किंबहुना इष्ट वाटू लागते, असे म्हणता येते. वेगळ्या दिशेने, पण तितक्याच कठोरपणे, नोएल बर्च या समीक्षकाने १९७९ मध्ये त्याच्या १९५०च्या दशकातील चित्रपटांना तीसच्या दशकातील प्रयोगशीलतेपासूनची माघार मानले. दोन्ही आक्षेपांचा रोख एकच आहे : परिपक्वतेच्या नावाखाली येथे धार बोथट झाली आहे.

या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यात भर घालावी अशी एक गोष्टही आहे. राजधानीत झुशिओचे ऐकून घेतले जाते ते त्याच्याजवळच्या कान्नोनच्या मूर्तीमुळे, म्हणजेच तो सरदाराचा मुलगा असल्याची खूण पटल्यामुळे. ज्या म्हाताऱ्याच्या कपाळावर त्याने डाग दिला त्याच्याजवळ अशी मूर्ती नव्हती. सर्व माणसे समान आहेत ही वडिलांची शिकवण सांगणाऱ्या चित्रपटात मुक्तीचे दार जन्माच्या दाखल्यानेच उघडते. १९४७च्या राज्यघटनेची भाषा अकराव्या शतकातील अधिकाऱ्याच्या तोंडी घालून ही विसंगती मिटत नाही.

असे असले तरी आन्जूच्या मृत्यूचे दृश्य यातना सह्य करते हे म्हणणे पूर्णपणे पटणारे नाही. जवळून दाखवलेला मृत्यू प्रेक्षकाला अश्रूंची सोय करून देतो. येथे ती सोय नाही. प्रेक्षक त्या दासीच्या जागी उभा केला जातो : पाहणारा, हात जोडणारा आणि न अडवणारा. आख्यानाच्या श्रोत्याला करवतीच्या प्रत्येक ओढीत आपला वाटा मिळत होता. ओगाईच्या वाचकाला वहाणा पाहून पान उलटता येत होते. मिझोगुचीच्या प्रेक्षकाला यांपैकी काहीच मिळत नाही. त्याच्या वाट्याला पाण्यावरची वर्तुळे येतात, आणि ती विरेपर्यंत तेथे थांबणे येते.

८

पहिल्या दोन कथनांच्या शेवटी आईची दृष्टी परत येते. माहात्म्यकथेला चमत्कार हवाच होता, आणि इतके काही गाळणाऱ्या ओगाईनेही तेवढा ठेवला. मिझोगुचीने तो काढून टाकला. सादो बेटावर शोध घेणाऱ्या झुशिओला प्रथम सांगितले जाते की त्या नावाची बाई लाटेत वाहून गेली. मग समुद्रकाठी शेवाळ वाळत घातलेल्या जागी एक आंधळी वृद्धा मुलांची नावे गुणगुणत बसलेली त्याला दिसते. कोणी थट्टा करते आहे असे वाटून ती प्रथम त्याला दूर लोटते, मूर्ती हाताने चाचपल्यावर ओळखते. दृष्टी मात्र येत नाही. मूर्तीचे काम ओळख पटवण्यापुरतेच उरले आहे.

मुलगा आईला सांगतो की वडील गेले, आन्जू गेली, आणि वडिलांची शिकवण पाळण्यासाठी आपण अधिकारपदही सोडून आलो. आई त्याला दोष देत नाही. ती शिकवण पाळल्यामुळेच ही भेट घडली, असे ती म्हणते. या उत्तरात सांत्वन आहे, परंतु हिशेब नाही. आख्यानात न्याय पुरा झाला होता, ओगाईच्या कथेत व्यवस्था सुधारली होती. येथे काहीही पुरे झालेले नाही. कॅमेरा त्या दोघांना सोडून समुद्राकडे वळतो, तेथे शेवाळ पसरवणारा एक माणूस आपले काम करीत असतो.

मिझोगुची त्यानंतर फार काळ जगला नाही. त्याचा अखेरचा चित्रपट ‘लज्जेची गल्ली’ १९५६ मध्ये आला. तोक्योच्या वेश्यावस्तीतील स्त्रियांच्या या कथेच्या पार्श्वभूमीवर संसदेत वेश्याव्यवसायबंदीच्या कायद्याची चर्चा चालू आहे. तो कायदा त्याच वर्षी मे महिन्यात संमत झाला. पण चित्रपटाचा शेवट कायद्यापाशी होत नाही. खेड्यातून आणलेली एक कोवळी मुलगी प्रथमच दारात उभी राहून गिऱ्हाइकाला हाक मारू पाहते, तेथे तो संपतो. २४ ऑगस्ट १९५६ रोजी मिझोगुचीचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले.

‘सान्शो दायू’ आणि ‘लज्जेची गल्ली’ हे चित्रपट बाह्यतः एकमेकांपासून फार दूरचे. एक अकराव्या शतकातला, दुसरा समकालीन. पण दोहोंत मुक्तीचा कायदा आहे आणि दोहोंत तो उशिरा येतो. कायदा निरुपयोगी आहे असे मिझोगुची कोठेही म्हणत नाही. झुशिओचा हुकूम निघाला नसता तर सान्शोच्या वाड्यातील एकही माणूस सुटला नसता. कायद्याच्या आधी जे गेले त्यांची भरपाई कायदा करू शकत नाही, एवढेच तो दाखवतो. आख्यानकाराने ही भरपाई सूडात शोधली, ओगाईने समृद्धीत शोधली. मिझोगुचीने ती शोधणे सोडून दिले आणि ऋण हे ऋण म्हणूनच शिल्लक ठेवले. जुनी कथा नव्याने सांगणाऱ्याने मूळ संहितेशी किती इमान राखले हा प्रश्न रूपांतराच्या चर्चेत नेहमी विचारला जातो. मूळ कथेने मिटवलेला कोणता हिशेब त्याने पुन्हा उघडला, हाही प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे.